शिकारी कुत्र्यांची चित्रे आणि शिकारीचा हक्क : एकोणिसावे शतक

कोनाडा (धागाकर्ता)

एडविन लँडसीअर या इंग्रज चित्रकाराची १८२९ सालची दोन लहान चित्रे लंडनच्या टेट संग्रहात आहेत आणि ती जोडीनेच पाहावी लागतात. दोन्ही लाकडी फळीवर रंगवलेली, जेमतेम दोन वीत उंचीची आहेत. पहिल्याचे नाव 'हाय लाइफ'. त्यात गढीतल्या एका खोलीत सडपातळ, लांब तोंडाचा डिअरहाउंड, म्हणजे हरणाच्या शिकारीचा कुत्रा, बसला आहे आणि त्याच्याभोवती चिलखत, तलवार, पुस्तके, लिहायचे पीस असा मालकाचा सगळा सरंजाम मांडलेला आहे. दुसरे 'लो लाइफ'. त्यात खाटकाच्या दाराशी उन्हात बसलेला, मारामाऱ्यांच्या खुणा अंगावर वागवणारा आखूड तोंडाचा कुत्रा आहे, आणि त्याच्याजवळ ओंडका, बूट, चिलीम अशा वस्तू आहेत. माणूस दोन्ही चित्रांत नाही, तरीही दोन्ही मालक आपल्याला पुरते ओळखू येतात.

या जोडीकडे सहसा 'श्रीमंताचा कुत्रा, गरिबाचा कुत्रा' अशी गंमत म्हणून पाहिले जाते. ती काढली गेली तेव्हाचा कायदा शेजारी ठेवला की मात्र चित्राचा अर्थ बराच घट्ट होतो, आणि त्यासाठीच हा धागा काढत आहे. इंग्लंडमध्ये १६७१ च्या कायद्याप्रमाणे ससा, तितर, फेझंट यांची शिकार करण्यासाठी वर्षाला १०० पौंड उत्पन्न देणारी स्वतःच्या मालकीची जमीन, किंवा १५० पौंडांची दीर्घ भाडेपट्ट्याची जमीन असावी लागे. प्रतिष्ठित घराण्याच्या वारसालाही हक्क मिळे. बाकीच्यांना शिकार तर करता येत नसेच, पण ग्रेहाउंडसारखी शिकारी कुत्री बाळगण्याचीही त्यांना मनाई होती, आणि जमीनदाराचा रखवालदार अशी कुत्री जप्त करू शकत असे. म्हणजे कितीही पैसा गाठीशी असलेल्या व्यापाऱ्याला, जमीन नसेल तर, ग्रेहाउंड पाळणे हा गुन्हा होता. ही अट १८३१ साली रद्द झाली आणि परवान्याचे पैसे भरणाऱ्याला शिकारीची वाट मोकळी झाली. लँडसीअरची जोडी त्याच्या दोनच वर्षे आधीची आहे.

माझे म्हणणे असे की एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांमधला शिकारी कुत्रा हा प्राण्याआधी हक्काचा दाखला आहे. तो हक्क जोवर जन्माने मिळत होता तोवर दाखला मिरवण्याची गरज कमी होती, आणि तो विकत मिळू लागला तेव्हा कुत्र्याचे खानदान आणि त्याचे चित्र यांना महत्त्व चढले. कुत्र्यांचे पहिले मोठे प्रदर्शन न्यूकॅसलला १८५९ साली भरले, आणि त्यात फक्त पॉइंटर आणि सेटर या बंदुकीच्या शिकारीतल्या दोन जातींनाच प्रवेश होता. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारा केनेल क्लब १८७३ चा आहे. माणसांची वंशावळ जिथे अपुरी पडू लागली तिथे कुत्र्यांची वंशावळ काटेकोरपणे लिहिली जाऊ लागली, असे मला दिसते.

आणखी एक चित्र पाहा. राणी व्हिक्टोरियाने १८४१ च्या नाताळात पती आल्बर्ट यांना भेट देण्यासाठी त्यांच्या 'इऑस' या काळ्या ग्रेहाउंड मादीचे चित्र लँडसीअरकडून करवून घेतले. आल्बर्ट जर्मनीतून इंग्लंडला आले तेव्हा तिला बरोबर घेऊन आले होते. चित्रात ती ताठ उभी आहे आणि शेजारी मालकाची टॉप हॅट, हातमोजे, छडी आहेत. याच लँडसीअरने १८४०-४३ मध्ये रंगवलेल्या विंडसर किल्ल्यातल्या कौटुंबिक चित्रात आल्बर्ट शिकारीच्या पोशाखात बसले आहेत, राणी हातात फुले घेऊन उभी आहे, इऑसचे मस्तक मालकाच्या गुडघ्याशी आहे, आणि गालिच्यावर मेलेले पक्षी पसरले आहेत. चिमुकली राजकन्या त्यांतला एक मेलेला खंड्या हातात घेऊन खेळते आहे. रक्ताचा थेंबही नसलेल्या त्या दिवाणखान्यात शिकार ही घरगुती, सोज्वळ गोष्ट होऊन जाते, आणि परदेशातून आलेला जावई त्या घराचा कर्ता पुरुष म्हणून स्थिर होतो. हे काम करण्यात कुत्र्यांचा वाटा फार मोठा आहे.

आपणापैकी ज्यांनी ही किंवा अशी चित्रे पाहिली आहेत त्यांनी जरूर लिहावे.

रानवाट

कोनाडा, धागा फार आवडला. आधी एक दुरुस्ती सुचवतो. हरणांसाठी इंग्लंडमध्ये वेगळे कायदे होते, आणि कोल्हा तर कायद्याच्या भाषेत 'गेम' मध्ये, म्हणजे शिकारीच्या राखीव प्राण्यांत, मोडतच नसे, तो उपद्रवी प्राणी समजला जाई. त्यामुळे कोल्ह्याच्या शिकारीत घोडा असलेला शेतकरी किंवा गावचा डॉक्टरही सामील होऊ शके. तुमचा १०० पौंडांचा नियम सगळ्या शिकारीला सारखा लावू नये.

मात्र तुमच्या मूळ मुद्द्याला बळ देणारी एक गोष्ट माझ्या अनुभवातून सांगतो. आमच्याकडे सोलापूर भागात कारवान कुत्री पाळतात, माझ्याकडेही आहेत. हा कुत्रा नजरेने शिकार करतो. ससा दिसला की तो आवाज न करता सुटतो, धावताना भुंकण्यात दम घालवत नाही. वासावर चालणारा हाउंड याच्या नेमका उलट वागतो. माग लागला की तो गळा काढतो आणि त्याच्या आवाजावरून मागचे घोडेस्वार दिशा ओळखतात.

आता इंग्लंडमधल्या 'लर्चर'चा विचार करा. तो ग्रेहाउंड आणि मेंढपाळी कुत्रा यांच्या संकरातून तयार झालेला. टॉमस ब्यूइक याने चतुष्पाद प्राण्यांवरच्या आपल्या १७९० च्या ग्रंथात लाकडी ठशांतून त्याचे चित्र दिले आहे आणि हा चोरट्या शिकाऱ्यांचा कुत्रा असल्याचे सांगितले आहे. तो ग्रंथ एकोणिसाव्या शतकातही पुन्हा पुन्हा छापला जात होता. हा लर्चर मुका राहून शिकार करतो, रात्री करतो, आणि मालकाच्या हाकेची वाट न पाहता सावज आणून पायाशी ठेवतो. कुत्रा पाळणारा माणूस म्हणून सांगतो, बुद्धीने आणि कामाने तो कोणत्याही फॉक्सहाउंडपेक्षा कमी नसतो. पण फॉक्सहाउंडच्या ताफ्याची चित्रे उघड्या तोंडांची आणि कर्ण्यांची असतात, आणि लर्चर कुठे दिसलाच तर झुडपाच्या सावलीत, कान पाडलेला दिसतो. शिकारीचा हक्क म्हणजे आवाज करत शिकार करण्याचा हक्क, असे मला या चित्रांवरून वाटते.

चार्ल्सकाठ

रानवाट यांच्या आवाजाच्या मुद्द्यावरून लिहितो. मी बॉस्टनला राहतो. इथल्या कलासंग्रहालयात गुस्ताव्ह कुर्बे या फ्रेंच चित्रकाराचे १८५७ चे 'ला क्युरे' हे मोठे चित्र आहे, आणि गेल्या काही वर्षांत मी ते अनेकदा पाहिले आहे. शिकार झाल्यावर कुत्र्यांना सावजातला जो वाटा देतात त्याला फ्रेंचमध्ये 'क्युरे' म्हणतात. डावीकडे झाडाला उलटे टांगलेले हरीण, मध्ये झाडाला टेकून सावलीत उभा असलेला शिकारी, जवळच लाल बंडी घालून बसलेला कर्णेवाला, आणि पुढे दोन कुत्री. वाटा मिळायचा आहे म्हणून ती थांबलेली आहेत. जवळ जाऊन पाहिले तर कॅनव्हासचे तुकडे एकमेकांना जोडलेले दिसतात, म्हणजे चित्र मागाहून वाढवत नेलेले आहे.

तो शिकारी म्हणजे स्वतः कुर्बे आहे, आणि इथेच सामाजिक अर्थ सुरू होतो. राज्यक्रांतीपूर्वी फ्रान्समध्ये शिकारीचा हक्क सरदारांचा होता, तो ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री इतर विशेषाधिकारांबरोबर गेला. पुढे ३ मे १८४४ च्या कायद्याने परवाना आला, त्याची किंमत २५ फ्रँक. मजुराला ही रक्कम जड होती आणि ऑर्नान्स गावच्या सुखवस्तू शेतकऱ्याच्या मुलाला, म्हणजे कुर्बेला, परवडणारी होती. कर्णा, ताफा आणि कुत्र्यांचा विधिपूर्वक वाटा हा सगळा जुन्या दरबारी शिकारीचा थाट आहे. त्या थाटाच्या मधोमध एक गावाकडचा चित्रकार स्वतःला उभा करतो. तो हात बांधून सावलीत उभा आहे, कर्णा दुसराच कोणी वाजवतो आहे, आणि कुत्री त्याच्याकडे बघतही नाहीत. हक्क मिळाला आहे, पण तो अंगात मुरलेला नाही, असे मला प्रत्येक वेळी ते चित्र पाहताना वाटते.

कुर्बेने १८६६ मध्ये दोव्हिल येथे काउंट द श्वाझल यांचे दोन ग्रेहाउंड समुद्राकाठी रंगवले. हे चित्र सेंट लुईसच्या संग्रहालयात आहे. १८४४ च्याच कायद्याने ग्रेहाउंड लावून शिकार करणे फ्रान्समध्ये जवळजवळ बंद झालेले होते. म्हणजे ज्यांच्याकडे करायला कामच उरलेले नाही असे ते दोन शिकारी कुत्रे आहेत, आणि तरीही, किंवा त्यामुळेच, ते इतके राजबिंडे दिसतात.

तिठा

चर्चा उत्तम चालली आहे, पण मला एक आक्षेप नोंदवायचा आहे. सगळा अर्थ कायद्यात शोधला तर लोक या चित्रांसमोर का रडत होते हे कळणार नाही. लँडसीअरच्या चित्रांच्या छापील प्रती घरोघरी पोचल्या होत्या. त्याचा भाऊ टॉमस स्वतः उत्तम एन्ग्रेव्हर, म्हणजे छपाईसाठी चित्रे कोरणारा, होता. ज्यांनी आयुष्यात कधी ससा मारला नाही, ज्यांना १०० पौंडांची जमीन स्वप्नातही दिसली नाही, अशा लोकांच्या भिंतींवर ही चित्रे होती. १८३७ चे 'द ओल्ड शेफर्ड्स चीफ मोर्नर' आठवा. गरीब मेंढपाळाची शवपेटी, आणि तिच्यावर हनुवटी टेकून बसलेला त्याचा कुत्रा. तिथे हक्क नाही, मालमत्ता नाही, फक्त माया आहे. आपल्याकडे 'इमानी' हा शब्द कुत्र्यासाठी किती सहज येतो! ते इमान त्या काळच्या लोकांना खरेच भावत होते, आणि त्याला निव्वळ दिखावा म्हणणे अन्यायाचे होईल.

कोनाडा

रानवाट, दुरुस्ती मान्य आहे आणि महत्त्वाची आहे. कोल्ह्याच्या शिकारीने गावातल्या वेगवेगळ्या थरांना एकत्र आणले हे खरे, तरी ताफा कोणाचा आणि शेते कोणाची तुडवली जातात हा प्रश्न तिथेही उरतो.

तिठा, आपण मेंढपाळाच्या चित्राची आठवण दिलीत म्हणून मी ते पुन्हा बारकाईने पाहिले, आणि एक गोष्ट लक्षात आली. त्या खोलीत जमिनीवर म्हाताऱ्याची टोपी आणि काठी पडलेली आहे, स्टुलावर बायबल आणि चष्मा आहे. इऑसच्या चित्रात काय आहे? हॅट आणि छडी. चार वर्षांच्या अंतराने, एकाच चित्रकाराने, एकच मांडणी वापरली आहे. मालक नाही, त्याच्या वस्तू आहेत आणि कुत्रा आहे. फरक एवढाच की आल्बर्ट येऊन ती हॅट उचलणार आहेत, आणि मेंढपाळाची टोपी कोणी उचलणार नाही. मायेविषयी आपले म्हणणे मला पटते. पण गरिबाच्या कुत्र्याला या चित्रपरंपरेत मोठी जागा मिळते ती मेंढ्या राखणारा म्हणून आणि मालकाच्या मृत्यूनंतर शोक करणारा म्हणून. मेंढपाळाच्या कुत्र्याने रात्री एक ससा मारून आणला असता तर तो लर्चर ठरला असता.

दयेचा इतिहासही याच रेषेवरून जातो. १८३५ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये बैलावर कुत्री सोडण्याचे आणि कुत्र्यांच्या झुंजींचे खेळ बंद झाले, आणि ते योग्यच झाले. त्या खेळांचा कुत्रा म्हणजे 'लो लाइफ'मधला, खाटकाच्या दारातला. रानातल्या प्राण्यांना मात्र त्या कायद्याचे संरक्षण नव्हते, त्यामुळे हरणावर किंवा कोल्ह्यावर ताफा सोडणे चालूच राहिले. सहा वर्षांपूर्वी लँडसीअरने जी दोन दारे शेजारी शेजारी रंगवली होती त्यांतल्या एकाच दाराशी कायदा पोचला.

अबोली

मालक चित्रात नसण्याविषयी कोनाडा यांनी जे लिहिले आहे ते वाचून मला एक वेगळेच चित्र आठवले आणि अस्वस्थ व्हायला झाले. रिचर्ड ॲन्सडेल हा लिव्हरपूलचा चित्रकार. मेंढ्या, हरणे, शिकारी, त्यांची कुत्री हेच त्याचे नेहमीचे विषय. त्याने १८६१ मध्ये 'द हंटेड स्लेव्ह्ज' हे मोठे चित्र रॉयल अकादमीत मांडले. मळ्यातून पळालेले गुलाम स्त्री-पुरुष दलदलीत गाठले गेले आहेत आणि त्यांच्यावर मॅस्टिफ जातीची दांडगी कुत्री चालून आली आहेत. पुरुषाच्या हातात कुऱ्हाड आहे, बाई त्याच्याजवळ आहे. अमेरिकेत यादवी युद्धाला नुकतेच तोंड फुटले होते.

हे चित्र पाहताना मला जाणवले की ॲन्सडेलने रचना बदललेलीच नाही. कुत्र्यांनी घेरलेले हरीण शेवटच्या क्षणी वळून उभे राहते, ही त्या काळच्या शिकारचित्रांतली ठरलेली मांडणी होती, आणि लंडनचा प्रेक्षक ती शेकडो वेळा पाहून कौतुक करत आला होता. ॲन्सडेलने हरणाच्या जागी माणसे उभी केली. जो डोळा कुत्र्याच्या उडीला, दातांना, ताणलेल्या स्नायूंना दाद द्यायला शिकला होता, त्याच डोळ्याला इथे आपण कोणाच्या बाजूने पाहत आलो याचा विचार करणे भाग पडले असेल. आणि मालक इथेही नाही. तो मागून येतो आहे, कुत्री त्याच्या आधी पोचली आहेत. इऑसच्या चित्रात मालकाची गैरहजेरी जशी आपुलकीची वाटते, तशी ती इथे भीतीची आहे.

आज हे चित्र लिव्हरपूलच्याच संग्रहात आहे. गुलामांच्या व्यापारावर वाढलेल्या शहरात ते असावे, हे मला फार योग्य वाटते.

ओढा

आपल्या देशाचा संबंध कुठे येतो असा विचार करत होतो. कंपनीच्या अमदानीत साहेब लोक विलायतेहून जहाजाने हाउंड मागवत, आणि इथल्या उन्हात व आजारांत त्यांतले पुष्कळ मरत. विलायती कोल्ह्याऐवजी (फॉक्स) इथे जॅकलचा, म्हणजे ज्याला आपण कोल्हा म्हणतो त्याचा, पाठलाग होई. आमच्या पुण्या-खडकीच्या छावणीतही असा ताफा होता.

परंतु मला सांगायचे आहे ते कुत्र्यांना धरून चालणाऱ्या माणसाविषयी. त्याला 'डोरिया' म्हणत, डोरी धरणारा म्हणून. चार्ल्स डॉयली याच्या चित्रांवरून काढलेल्या आणि टॉमस विल्यमसनच्या मजकुरासह १८१३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या 'द युरोपियन इन इंडिया' या ग्रंथात कुत्र्यांना फिरायला नेणाऱ्या डोरियाचे एक पान आहे. कुत्र्याला हात लावण्याचे हे काम ज्या जातींना समाजाने खालचे मानले त्यांच्याच वाट्याला येई. म्हणजे एका चित्रात दोन समाजांच्या उतरंडी एकमेकींत अडकलेल्या आहेत. साहेबाच्या लेखी त्या हाउंडची किंमत त्याला धरणाऱ्या माणसापेक्षा जास्त, आणि त्या माणसाच्या स्वतःच्या गावातही त्याची जागा वेशीबाहेर. पुढे कलकत्त्याच्या करय्या भागातल्या शेख मुहम्मद अमीर या चित्रकारानेही साहेबांच्या कोठ्या, बग्ग्या, घोडे आणि कुत्री रंगवली. त्याच्या घोड्यांशेजारच्या मोतद्दारांचे चेहरे इतके खरे आहेत की मला घोड्याआधी तेच दिसतात.

पायरी

थोडे विषयाच्या कडेचे लिहिते, पण विषय सोडून नाही. आमच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा जुना टाक आहे. घोड्यावर देव आणि म्हाळसा, आणि घोड्याच्या पायाशी कुत्रा. हा देव स्वतः शिकारीला जाणारा आहे, बाणाईच्या गाण्यांत त्याच्या शिकारीचे वर्णन येते. त्याचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात, पूर्वी ते कुत्र्यासारखे भुंकत आणि कोटंब्यातले खात. लँडसीअरच्या चित्रांत माणसाचा दर्जा कुत्र्यावर चढतो, इथे माणूस आपण होऊन कुत्र्याची जागा घेतो. टाकावरच्या त्या कुत्र्याच्या जातीची चौकशी कोणी करत नाही. त्याच्यावर भंडारा पडतो, देवावर पडतो तेवढाच.

कोनाडा

ओढा आणि पायरी, आपल्या दोन्ही प्रतिसादांमुळे मी रोझा बोनर या फ्रेंच चित्रकर्तीच्या एका चित्राकडे पुन्हा वळलो. ते फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात आहे, साधारण १८५८ चे. नाव 'बार्बारो आफ्टर द हंट'.

त्यात एक केसाळ हाउंड आखूड साखळीने भिंतीला बांधलेला आहे. शिकार संपली आहे. हरीण नाही, कर्णा नाही, हॅट नाही, चिलखत नाही. भिंतीवर त्याचे नाव BARBARO असे मोठ्या रोमन अक्षरांत लिहिलेले आहे, आणि त्याच्यासमोर फरशीवर एक घासायचा ब्रश पडलेला आहे. कुत्र्याची नजर खाली, दमलेली. तिठा यांना जी माया दिसते ती मला इथे सर्वांत स्पष्ट दिसते, कारण बोनर त्याच्याकडून कोणताही दाखला मागत नाही. तरीही साखळी तिने लपवलेली नाही, आणि ती साखळी इतकी आखूड आहे की त्याला नीट आडवे होता येईल का, असा प्रश्न पडतो.

आज सकाळपासून मी त्या ब्रशकडे पाहतो आहे. तो कोणाच्या हातातला असावा? त्या कुत्र्याला आणि त्या फरशीला घासणाऱ्या माणसाचे नाव भिंतीवर नाही. ओढा, त्या डोरियाच्या पानाची चांगली प्रत आपल्याकडे असेल तर इथे जरूर लावा. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहायची आहेत.